जिलेबीला नाही म्हणणारा माणूस पाहिजे

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी मधुमेही लोकांची एक बैठक झाली आणि तिच्यासाठी मी अडीच किलो जिलेबी मागवली.

ह्यात काही विसंगत आहे असं मला त्या दिवशी सकाळपर्यंत वाटलंच नव्हतं. रविवार होता, घरी माणसं येणार होती, आणि नाशकात रविवारी माणसं आली की मिसळ होते, मिसळ झाली की जिलेबी होते. मधुमेह मध्ये कुठे आला? (हा प्रश्न मी नंतर बायकोलाही विचारला. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.)

पण सुरुवातीपासून सांगतो.

तन्वी माझी भाची. धुळ्याच्या बहिणीची मुलगी. नोकरीसाठी नाशकात आली आणि इंदिरानगरला आमच्याकडेच राहायला लागली. तिची कंपनी पुण्याची. मधुमेही लोकांची राहणी सुधारून देते. म्हणजे मोबाईलवर ॲप, काय खावं, किती चालावं, आणि रोज फोन करून "काका, आज चाललात का?" विचारणारी एक मुलगी. कंपनीचं नाशिक कार्यालय म्हणजे आमचं जेवणाचं टेबल. कर्मचारी एकच, तीही कच्ची. तिच्या पुण्याच्या साहेबांचं म्हणणं पडलं की, पेशंटना नक्की काय हवंय आणि त्यासाठी ते किती पैसे देतील, हे मी नाशकात येऊन त्यांच्याच तोंडून ऐकतो. ऐकून पटलं तर इथलं काम सुरू ठेवू आणि तन्वीची नोकरी पक्की करू. नाही पटलं तर टेबल पुन्हा जेवायला मोकळं.

तन्वीने महिनाभर खपून पेशंट जमवले होते. शुक्रवारी ते एकेक गळायला लागले. कुणाकडे लग्न निघालं, कुणाची पाठ धरली. एकाला तर त्याच्या बायकोने, मुलीचं लग्न ठरेपर्यंत तुम्हाला मधुमेह आहे हे बाहेर सांगायचं नाही, अशी ताकीद दिली होती!

"मामा, संपलं सगळं," तन्वी म्हणाली आणि लॅपटॉपवर डोकं टेकून बसली.

"किती माणसं लागतात?"

"सहा तरी."

"सहाच? अगं, आपल्या नात्यात बिनसाखरेची सहा माणसं माग, ती मिळायची नाहीत. साखरेची हवी तितकी देतो!"

तिने डोकं वर केलं. एवढ्याचसाठी मी काहीही करायला तयार असतो.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी अरुण. माझं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. दुकानात मी गिऱ्हाइकाला कधीही आग्रह करत नाही. (बायको म्हणते, तिथे केला असता तर एव्हाना बंगला झाला असता.) माझा सगळा आग्रह मी पंगतीसाठी राखून ठेवतो. आमच्या नात्यात कुठेही कार्य असलं की गोड वाढायला मी. मी जिलेबीचं ताट घेऊन उतरलो की पंगतीत एकदम शांतता पसरते. लोक पानावर आडवे होतात. मी त्यांच्या आडव्या हातावर जिलेबी ठेवतो. ती खाली ठेवायला हात हलवला की पानात दुसरी! शपथ घालतो, जुन्या आठवणी काढतो, प्रसंगी आवाज घोगरा करतो. "एकाने काय होतंय? उद्या गोळी जास्त घ्या" हे माझं वाक्य आमच्या नात्यात तीन तालुक्यांत पाठ आहे. हल्ली बुफे असतात. मी बुफेतही ताट घेऊन खुर्च्यांमधून फिरतो.

मधुमेह मलाही आहे. मी तो फारसा मनावर घेत नाही. डॉक्टर घेतात.

तर शनिवारी मी फोन फिरवले. सिन्नरचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. शेती, भरघोस मिशा आणि तितकीच भरघोस साखर. इगतपुरीची शालूताई, माझी मावसबहीण. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाली. शेजारचा शिवाजी, सातपूरला कारखान्यात पाळ्या करतो. शिवाय तिघे असे, ज्यांनी पुढे बैठकीत फक्त माना हलवल्या; त्यांची नावं सांगून तुमचा वेळ घेत नाही. सहा झाले!

"आता तू यात पडू नकोस," तन्वीने बजावलं. "बोलायचं नाही. कुणाला काही शिकवायचं नाही. आणि खायला फक्त उकडलेले मूग, काकडी, ताक. मामीला सांगितलंय मी."

मी मान डोलावली. पण मला सांगा, सिन्नरहून आबा एस.टी.ने येणार, इगतपुरीहून शालूताई येणार, पुण्याचे साहेब येणार, आणि त्यांच्यापुढे मूग? पोरीच्या नोकरीचा प्रश्न, आणि साहेबांचं तोंड काकडीने गोड करायचं? मी गुपचूप कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला फोन केला.

आणि जाता जाता सहाही जणांना पुन्हा एकेक फोन केला. "हे बघा, किती पैसे द्याल असं विचारतील. आकडा मोठा सांगा. तन्वीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

रविवारी तन्वी शालूताईला आणायला स्टेशनवर गेली होती, तेवढ्यात साहेब आले. वेळेच्या आधी! समीर सर. चाळिशीचे, सडसडीत, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बायको काकड्या आणायला गेलेली, घरात मी एकटा, आणि जिलेबी नुकतीच आलेली. गरम.

"या साहेब! बसा. तोंड गोड करा."

"नको नको. मी गोड खात नाही."

हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

"एक हो, फक्त एक."

"खरंच नको, मामा."

"मामा म्हणालात ना? मग झालं! मामाच्या घरी भाचा उपाशी?"

"उपाशी नाही हो, नाश्ता करून…"

"आमची पोर तुमच्या हाताखाली काम करते. तुम्ही तोंड गोड केल्याशिवाय बैठक सुरू झाली तर मला रात्रभर झोप लागायची नाही. माझी शपथ आहे तुम्हाला!"

त्यांनी एक खाल्ली. मग एक एकटी बरी दिसत नाही म्हणून दुसरी. मग तन्वीच्या नावाची तिसरी. आणि चौथी त्यांनी, मी खरं सांगतो, स्वतःहून उचलली. मला धन्य वाटलं. बशी सोफ्याखाली सरकवली आणि सभ्य चेहरा करून बसलो. तेवढ्यात दारात तन्वी आणि शालूताई. मागोमाग बायको आणि बाकीचेही आले.

बैठक सुरू झाली. तन्वीने सुंदर प्रस्तावना केली. मग समीर सरांनी वही उघडून अगदी मोकळेपणाने विचारलं, "समजा असा कार्यक्रम असेल, तर तुम्ही महिन्याला साधारण किती द्याल?"

आमच्याकडे पैशाच्या गोष्टीत पहिल्यांदा कोणी बोलत नाही. सगळे पंख्याकडे बघत राहिले. मी शिवाजीला डोळ्याने खुणावलं.

"दहा हजार," शिवाजी म्हणाला.

समीर सर दचकले. "महिन्याला?"

"हो. का, कमी होतात का?"

आबांना ते सहन होईना. सातपूरचा माणूस दहा म्हणतो आणि सिन्नरने गप्प बसायचं? "माझे पंधरा धरा!"

"मी वीस देईन," शालूताई म्हणाली, आणि पर्समधून रुमाल काढून वारा घेऊ लागली.

"पंचवीस!" आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "पोरीसाठी कायपन!"

"कोणत्या पोरीसाठी?" समीर सरांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शिवाजीने माझ्याकडे पाहिलं. माना हलवणाऱ्या तिघांनीही माना माझ्याकडे वळवल्या.

"मामा," तन्वी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "जरा स्वयंपाकघरात येतोस?"

स्वयंपाकघरात ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सरांना वाटलं मी माणसं पढवून आणली. आता मला कोण ठेवणार?" एवढंच म्हणाली. ती बाहेर गेली आणि बायकोने माझ्यामागे स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी मुगाच्या पातेल्याशेजारी स्टुलावर बसलो. पातेल्यापलीकडे जिलेबीचं ताट होतं, पण त्या क्षणी मला त्याच्याकडेही बघवेना. (बघितलं एकदा. पण मन लागलं नाही.)

आणि तेवढ्यात बाहेर एक मोबाईल किंचाळायला लागला.

किंचाळायला म्हणजे कसा? आग लागल्यासारखा! सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. शालूताईने पर्स उपडी केली. आबा उभे राहून सदरा झटकू लागले. मी दाराच्या फटीला डोळा लावला. वाजत होता तो समीर सरांचा फोन.

"सर, काय झालं?" तन्वी.

समीर सरांनी आवाज बंद केला, मग सावकाश डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर एक पांढरं बटणासारखं काहीतरी चिकटवलेलं होतं.

"हे काय डकवलंय?" आबांनी विचारलं.

"साखर मोजतं हे. वाढली की फोन ओरडतो."

"म्हंजे तुमालापन हाय?"

"चार वर्षं झाली."

"मग वाढली कशानं? आत्ता तर आलात."

समीर सरांनी खाली वाकून सोफ्याखालची बशी काढली. बशीत पाक तेवढा उरला होता.

"तुम्ही लोकांना गोड सोडायला शिकवता ना?" शालूताई म्हणाली.

"शिकवतो."

"मग?"

"मामांनी शपथ घातली."

आणि आबा हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग असे की सोफा हलायला लागला. "अरं देवा! साहेबाला पन! तरी म्हनलं आमीच लेचेपेचे हाय का काय!"

तिथून जे सुरू झालं ते मी दाराआडून उभ्याने ऐकलं.

"माझी साखर वर्षभर ताब्यात होती," शालूताई सांगत होती. "तेवढ्यात ह्याच्या मुलाचं लग्न आलं. मी पानावर दोन्ही हात ठेवले. हा खाली बसला आणि म्हणाला, 'ताई, मावशी असती तर असंच म्हणाली असतीस?' आईची आठवण काढल्यावर माणूस काय करणार?"

"मला तर म्हणाले, तू पाळी करून आलायस, तुला चालतं," शिवाजी म्हणाला. "ॲप मी दोन केलेत, सर. दोन्ही बिनकामाची. रात्रपाळी करून सकाळी डोळा लागतो न लागतो, की ते म्हणतं, 'सुप्रभात, उठा, चालायला चला!' पण ॲपचा आवाज बंद करता येतो. अरुणभाऊंचा कसा बंद करायचा?"

"मला डॉक्टर नको, गोळी नको," आबा म्हणाले. "पंगतीत अरुण्याला आडवा येनारा मानूस द्या! त्याला मागंल ते पैसे देतो!"

"ऐका," बायको माझ्या कानाशी म्हणाली. "तुमचं कौतुक चाललंय."

मला नात्यातला दानशूर म्हणून मान आहे, अशी माझी समजूत होती. मी ह्या आग्रहाला वाढणं म्हणत होतो. हे लोक त्याला सोसणं म्हणत होते!

"पण रागावता येत नाही हो त्याच्यावर," शालूताई पुढे म्हणाली. "आई गेली तेव्हा आठवडाभर इगतपुरीला डबा घेऊन येत होता. धो धो पाऊस, छत्री उलटी झालेली. समोर बसून खायला लावायचा. त्याला माया दुसऱ्या कशाने दाखवताच येत नाही."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "कांदा चिरत होते." (काकडी चिरत होती.)

"मामा, बाहेर ये," तन्वीने हाक मारली. "जिलेबीचं ताट घेऊन ये."

मला वाटलं, झालं, माफी मिळाली! ताट घेऊन बाहेर आलो. तन्वीच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच चमकत होतं.

"आता सगळ्यांना आग्रह कर."

"अं?"

"कर. नेहमी करतोस तसा. सोडू नकोस कुणाला. आणि तुम्ही सगळ्यांनी नाही म्हणायचं. सर, तुम्ही बघा."

असं उघड निमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं! मी आबांपासून सुरुवात केली.

"आबा, एक."

"नाय."

"अर्धी."

"नाय म्हनलं ना."

मी आवाज घोगरा केला. "आबा, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी कोण बसलं होतं?"

(हे खेळाच्या नियमांत बसत नाही, मला मान्य आहे.)

आबांची मिशी थरथरली. हात बशीवरून सरकायला लागला. मी जिलेबी उचलली, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या शालूताईचा पंजा आबांच्या बशीवर धाडकन पडला.

"अरुण, पुढे हो. त्यांना नकोय."

"ताई, तू मध्ये कशाला? बरं, मग तू घे. इगतपुरीची गाडी पकडायची तुला, पोटात काही नको?"

शालूताईचा चेहरा विरघळायला लागला. आणि आता आबा उठले! "ए अरुण्या! तिला नको म्हनली ना ती? गुडघे बघ तिचे! जिना चढता येत नाय तिला आन् तू जिलब्या घालतोस? चल, हो म्होरं!"

स्वतःसाठी ज्या माणसाच्या तोंडून साधं 'नाय' धड निघत नव्हतं, तो शालूताईसाठी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा गरजला. मी शिवाजीकडे वळलो, तर समीर सरांनी त्याच्या बशीवर वही ठेवली. मी समीर सरांकडे वळलो, तर शिवाजी माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा. माना हलवणाऱ्या तिघांनी एकमेकांच्या बशा उचलून घेतल्या. मी ताट घेऊन खोलीभर फिरलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरलेलं ताट घेऊन परत आलो.

"सर," तन्वी म्हणाली, "ह्यांना स्वतःसाठी नाही म्हणता येत नाही. शेजाऱ्यासाठी येतं. आपण एकेकट्याला ॲप देतो आणि मग रोज फोन करून रागावतो. जोडी लावून दिली तर?"

समीर सर वहीत भराभर लिहायला लागले. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, हळूच. "ह्यासाठी काय द्याल? खरं सांगा."

ह्या वेळी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या औषधाला महिन्याला जे जातं, त्याच्या निम्मे," शिवाजी म्हणाला. "औषध कमी झालं तर त्यातूनच निघतील. पण माझ्या पाळ्या ज्याला कळतात असा जोडीदार द्या."

"मी वर्षाचे एकदम भरणार नाही. महिन्याचे महिन्याला," शालूताई म्हणाली. "आणि फोन करणाऱ्या मुलीने रागवायचं नाही. रागवणार असेल तर मला फुकटही नको."

"माझा टमाटा गेला की देतो," आबा म्हणाले. "तवर उधार. पन गुन आला पायजे."

"पंचवीस हजार?" समीर सरांनी हसून विचारलं.

"तो पोरीचा भाव व्हता," आबा म्हणाले. "आता माझा सांगतो, जरा दमानं लिवा."

निघताना समीर सरांनी सगळ्यांचा निरोप घेतला. मला नमस्कार केला तो जिन्याच्या चार पायऱ्या उतरून, सुरक्षित अंतरावरून. "मामा, गाडीपर्यंत येऊ नका, प्लीज." मी गेलोही नाही. जिलेबीचा डबा मी आधीच त्यांच्या ड्रायव्हरकडे दिला होता. (ड्रायव्हरला साखर नव्हती. मी विचारून घेतलं. माणूस बदलतो.) उरलेली इमारतीतल्या पोरांनी संपवली.

पंधरा दिवसांत तन्वीची नोकरी पक्की झाली. आबा आणि शालूताईची पहिली जोडी लागली. आता लग्नांत ते दोघं शेजारी बसतात आणि मी लांबून दिसलो की एकमेकांची पानं झाकतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही हकिकत मान वर करून सांगितली असती. पण तन्वीच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. कंपनीतल्या फोन करणाऱ्या मुलींना, पेशंट कशाशी झुंजतो, ते प्रत्यक्ष कळायला हवं. मग त्यांना नाशकात आणून सरावासाठी कुणापुढे बसवायचं? माझ्यापुढे! मानधन नाही, पण मान होता. मी इस्त्रीचा सदरा घालून, ताजी जिलेबी घेऊन बसलो. पहिली मुलगी विशीतली, वेणी घातलेली, आवाज मांजराच्या पिल्लासारखा. मनात म्हटलं, हिला फार छळायचं नाही.

"घे बाळा, एक."

"घेते ना, काका," ती म्हणाली आणि ताटच माझ्या हातातून घेऊन एक जिलेबी माझ्या तोंडासमोर धरली. "पण आधी तुम्ही."

"मी? नाही, मला…"

"मला काका नाहीत हो. तुम्हीच काका. माझी शपथ!"

आता ह्याला काय उत्तर असतं? मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त प्रश्नच विचारत आलो होतो! मी एक खाल्ली. मग "एक एकटी बरी दिसत नाही" म्हणून दुसरी. तिसऱ्या जिलेबीला समोर बसलेल्या बायकोकडे मदतीसाठी पाहिलं, तर ती तन्वीला म्हणाली, "लिहून घे ह्यांचं नाव."

तन्वीने लिहून घेतलं. टेबलाच्या त्या बाजूला नव्हे, ह्या बाजूला. पेशंट म्हणून. पूर्ण फी. मी म्हटलं, "अगं, सख्खा मामा मी तुझा. थोडी तरी सवलत दे. बरं, निम्मी नको, पाव दे. तुला माझी…"

"मामा," ती पावती फाडत म्हणाली, "आग्रह करू नकोस."